प्रार्थनेच्या रकान्यातलं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रूथलाही नाही – आणि रूथ माझी बायको आहे, तिच्यापासून मला साधी सर्दीसुद्धा कधी लपवता आली नाही. देवाला सांगितलं आहे, असं मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणतो. पण खरं सांगू? देवालाही मी ते मोघमच सांगितलं. 'प्रभू, कळत-नकळत झालेल्या चुका पोटात घाल' – अशी घाऊक प्रार्थना. घाऊक मालात एखादा सडका नग सहज खपून जातो, हे सुरतेत राहणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तुम्हाला मात्र सुटं करून सांगतो. थोडा वेळ लागेल, कारण मी मूळचा मास्तर. मुद्द्याला यायच्या आधी फळा पुसायची सवय.

नव्वदचं दशक – म्हणजे प्लेगच्या पळापळीत रिकामी झालेली सुरत पुन्हा गच्च भरली होती, तेव्हाची गोष्ट. मी एका मराठी शाळेत शिकवत होतो. सुरतेतल्याच बमरोलीला आमची लहानशी बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे चर्च, होती. नवापूर, साक्री, नंदुरबारकडून आलेली माणसं. कुणी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कुणी कापड रंगवायच्या डाइंगमध्ये, कुणी गवंडीकामावर. प्रार्थनेचा हॉल म्हणजे पूर्वीची लूमचीच शेड. भिंतींना मशीनच्या तेलाचा वास होता तो कितीही चुना लावला तरी गेला नाही. शेजारचे लूम रविवारीही चालत, त्यामुळे आमचे पाळक, म्हणजे पास्टर, 'तुम्हांस शांती असो' हेसुद्धा ओरडून म्हणायचे.

मंडळीचं एक मासिक निघायचं. चार पानांचं. सगळे त्याला 'पेपर' म्हणत, आणि मी त्याचा संपादक. संपादक म्हणजे लिहिणारा, तपासणारा, छापखान्यात खेपा घालणारा आणि शेवटी हॉलच्या दारात उभं राहून वाटणारा, सगळं मीच. उधन्याच्या एका हिंदी छापखान्यात तो छापला जायचा. तिथे 'ळ'चे खिळे मोजकेच होते. चौथ्या पानापर्यंत ते संपायचे आणि आमचे पाळक 'पालक' व्हायचे. लोक हसायचे, मीही हसायचो. बरे दिवस होते ते.

मग भांडण लागलं.

बऱ्याच चर्चच्या मिळून बनलेल्या एका मोठ्या संघाने आम्हाला सामील व्हा म्हणून बोलावलं. त्यांच्यात गेलो तर पक्कं बांधकाम होईल, पाळकांचा पगार वेळेवर होईल. पण त्यांची एक अट होती. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे, त्यांनाही पूर्ण सभासद मानायचं. आता बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण बाप्टिस्ट माणसाला ते तसं नाही वाटत. आमच्यात जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, अख्खं अंग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होतो. आमचे बाप्तिस्मे तापीत व्हायचे, शहराच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी जरा निवळ असे. जो तापीत बुडाला नाही तो सभासद नाही. त्याला मत नाही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर फिरते तेव्हा ताट त्याच्यापुढून तसंच सरकतं.

रूथच्या पुढून ते तसंच सरकायचं.

ती धुळ्याकडच्या शिंपडणाऱ्या मंडळीतली. तिचा बाप्तिस्मा तिच्या आजोबांनी केला होता, ती तान्ही असताना. पुन्हा बुडायचं म्हणजे आजोबांनी केलं ते खोटं होतं असं चारचौघांत म्हणायचं. ते ती म्हणेना. मी तिला आग्रह केला, रागावलो, अबोला धरला. ती एवढंच म्हणायची की मी बसेन ना मागे, माझं काही अडत नाही. आणि दर महिन्याला ताट तिच्यापर्यंत आलं की ती मांडीवरच्या पदराचा काठ नीट करत बसायची. लग्नानंतरची किती वर्षं मी तो पदर पाहिला. मला संघात जायचं होतं ते एवढ्यासाठी. पक्क्या बांधकामासाठी नाही.

तर मंडळीत दोन तट पडले. संघवाले आणि नदीवाले. आणि लगेच पेपरवर आरोप सुरू झाले. संपादकाची बायको शिंपडलेली, मग पेपर कुणीकडे झुकणार? नदीवाल्यांचं पत्र तिसऱ्या पानावर का? संघाच्या पाहुण्यांचा फोटो एवढा मोठा का? 'पालक' हा शब्द मुद्दाम आमच्याच बातमीत का आला? – हेसुद्धा एकाने विचारलं. मला भयंकर राग यायचा. मी हॉलमध्ये फूटपट्टी घेऊन उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंचे रकाने सगळ्यांसमोर मोजून दाखवले. बोटभरही फरक नव्हता. उलट नदीवाल्यांना थोडं जास्तच मिळालं होतं. नाकाने कांदे सोलण्यात माझा हात धरणारा तेव्हा बमरोलीत कुणी नसेल.

आणि रकान्यांच्या बाबतीत मी खरंच प्रामाणिक होतो. हे लक्षात असू द्या.

नदीवाल्यांचे पुढारी होते रतनभाऊ. पांडेसऱ्याच्या एका डाइंग हाउसमध्ये रंगाच्या खात्यात होते. नखं कायम निळी नाहीतर लाल. आम्ही नवरा-बायको सुरतेला आलो तेव्हा खोली त्यांनीच शोधून दिली. रूथ तापाने फणफणली होती तेव्हा त्यांची बायको इंदुबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि रूथ उठून बसेपर्यंत घरी गेल्या नाहीत. असं माणूस होतं ते. आणि त्याआधी, खूप आधी, रतनभाऊ पक्के दारुडे होते. गुजरातेत दारूबंदी, पण बंदी कागदावर. देशी दारूची पोटली, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, गल्लीच्या टोकाला मिळायची. इंदुबाईंनी त्यांना गटाराच्या कडेवरून उचलून आणलेलं लोकांनी पाहिलं होतं. मग ते विश्वासात आले, तापीत बुडाले, आणि त्या दिवसापासून थेंब नाही. दर बाप्तिस्म्याच्या वेळी ते गुडघाभर पाण्यात उभे राहून साक्ष द्यायचे. बुडाला तो दारुडा होता, वर आला तो मी आहे, असं म्हणायचे. नव्या माणसांच्या बायका रडायच्या. नदीवाल्यांना दुसऱ्या वादाची गरजच नव्हती. त्यांच्याकडे रतनभाऊ होते.

आता येतो. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं?

संघात जायचं की नाही यावर सभासदांचं मतदान ठरलं होतं. त्याच्या आदल्या महिन्यात गावाकडे रतनभाऊंचा धाकटा भाऊ गेला. ते मातीला गेले आणि आठवड्याने परतले. एका दुपारी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. व्हरांड्यात पोरं डबे खात होती, म्हणून आम्ही मागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसलो. बराच वेळ ते नखं खरवडत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्हलेच सांगस. आखो कोनलेच सांगू नका."

माती झाल्यावर चुलत भावांनी पेला पुढे केला होता, आणि ते प्यायले होते. एकच संध्याकाळ. सकाळी उठून ओकले, रडले, आणि त्यानंतर हात लावला नाही. हे त्यांनी घरी इंदुबाईंना सांगितलं होतं आणि आता मला सांगत होते. आमचे तट वेगळे होते, आदल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर फूटपट्टी नाचवली होती, तरी ते माझ्याकडे आले. का आले असतील? त्यांना वाटलं असेल, भांडण मंडळीचं आहे, मास्तरचं नाही. मी त्यांचा हात धरून प्रार्थना केली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो – आणि मला वाटतं तेच सगळ्यात वाईट आहे.

त्याच आठवड्यात अंक जुळवायचा होता.

आमच्या पेपरात शेवटच्या पानावर 'प्रार्थनेच्या विनंत्या' असा एक रकाना असे. हॉलच्या दाराशी लाकडी पेटी होती. कुणीही चिठ्ठी टाकावी – सासूचं ऑपरेशन आहे, पोराला काम मिळावं, नवऱ्याने मारू नये. नाव घालायची गरज नाही. पेटीची किल्ली माझ्याकडे. त्या रकान्याची लांबी कधी कुणी मोजली नाही. त्यावर पक्षपाताचा आरोप होऊ शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. प्रार्थना ती प्रार्थना, तिला कसला तट?

त्या रकान्यात, एका मोतीबिंदूच्या आणि एका हरवलेल्या पोराच्या मध्ये, मी हे वाक्य लिहिलं: 'आपल्या एका ज्येष्ठ बंधूसाठी प्रार्थना करावी, तापीच्या पाण्यात जे सोडून ते वर आले होते, ते पुन्हा त्यांच्या हाताला लागलं आहे, प्रभूने त्यांना सावरावं.'

पेटीत अशी चिठ्ठी नव्हती. मी लिहिलं. नाव घातलं नाही – नाव घालायची गरज होती का? लिहिताना मी स्वतःला काय सांगितलं, तेही सांगतो. जास्त लोकांनी प्रार्थना केली तर भाऊंना बळच मिळेल, असं सांगितलं. आणि हे सांगत असतानाच मला पक्कं माहीत होतं की ते वाक्य कुठे जाऊन लागणार आहे. जो बुडून वर आला तोच पुन्हा प्यायला, तर नदीत काय आहे? साप मरणार होता आणि काठीलाही काही होणार नव्हतं.

अंक वाटला. लोक घरी गेले. आणि त्या बुधवारपासून, घरोघरच्या प्रार्थनासभांत, सगळे रतनभाऊंसाठी प्रार्थना करू लागले. नाव घेऊन. त्यांच्या देखत. मंडळीतले एक वडीलधारे म्हातारे त्यांच्या डोक्यावर हात ठेवून, 'प्रभू, ही बाटली फोड' असं मोठ्याने म्हणाले आणि बाकीच्यांनी हुंकार दिला. रविवारी हात मिळवताना माणसं जरा जास्तच जवळ वाकायची, वास येतो का बघायला. कुणी चिडून आरोप केला असता तर रतनभाऊंनी उत्तर दिलं असतं. ते काही गरीब गाय नव्हते. पण प्रार्थनेला माणूस काय उत्तर देणार? मला तुमची प्रार्थना नको, असं कसं म्हणणार? आणि मी प्यायलोच नाही, असंही ते म्हणू शकत नव्हते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते मान खाली घालून बसायचे.

नदीवाल्यांपैकी एक गृहस्थ, जे माझ्यावर सगळ्यात जास्त तुटून पडायचे, ते मला दारात थांबवून म्हणाले की मास्तर, या खेपेचा अंक अगदी सरळ झाला. मी आभार मानले.

मतदानाच्या सभेत नदीच्या बाजूने रतनभाऊ बोलणार होते. पाळकांनी नाव पुकारलं तेव्हा ते उठलेच नाहीत. दुसरं कुणीतरी बोललं, ते शेजारच्या लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही. हात वर झाले, आणि आम्ही संघात गेलो.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी रतनभाऊ माझ्याकडे आले. रागावून नाही. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं की चिठ्ठी कुणाची. तेव्हा मी सांगू शकलो असतो. मतदान झालं होतं, मला हवं ते मिळालं होतं. एक वाक्य – भाऊ, मी लिहिलं. का नाही म्हणालो? भीती, दुसरं काय. संपादकपद जाईल, रूथला कळेल, माझी ती फूटपट्टी लोक माझ्याच डोक्यात घालतील. मी म्हणालो, पेटीत होती, नाव नव्हतं, वाचून फाडून टाकतो मी चिठ्ठ्या.

त्यांचा हिशेब चालला होता आणि तो मला समोर दिसत होता. त्यांनी दोघांनाच सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "तुमनावर मना इस्वास शे, मास्तर. मंग ते घरमाईनच बाहेर गयं."

घरातूनच. म्हणजे इंदुबाई.

तुम्ही विचाराल, तेव्हा तरी तू काय बोललास? मी त्यांना चहा घेणार का विचारलं.

रतनभाऊंनी बायकोवर हात उगारला नाही. फक्त बोलणं टाकलं. ती वाढायची, ते जेवायचे, ताटाकडे बघून. इंदुबाई शपथा घेऊन थकल्या. रूथ दोन-तीनदा त्यांच्याकडे जाऊन आली आणि मला म्हणाली की इंदुताईंनी असं करणं शक्य नाही, तुम्ही भाऊंना समजावा. मी तिला म्हणालो, माणसाच्या मनातलं कुणी सांगावं, बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही. असं म्हणालो मी. रूथने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ती भांडी आवरायला गेली.

आणखी एक झालं. आमच्यात प्रभुभोजनाच्या आधी पाळक थोडा वेळ थांबतात. ज्याच्या मनात कुणाबद्दल काही असेल त्याने आधी ते मिटवावं, आणि मगच भाकरीला हात लावावा, अशी रीत आहे. त्या क्षणाला लोक उठून एकमेकांचे हात धरतात. रतनभाऊ त्या वेळी उठायचे आणि बाहेर जाऊन सायकलींपाशी उभे राहायचे. भाकर फिरून झाली की आत यायचे. घरात ज्या बाईशी बोलत नाही तिच्या शेजारी बसून ती भाकर खाणं त्यांना पटत नव्हतं. मंडळीला वाटायचं, दारूमुळे लाज वाटते म्हणून जातात. खरं काय ते इंदुबाईंना माहीत होतं, आणि मला.

असे काही महिने गेले. मग संघाने नवे सभासद स्वीकारायचा रविवार ठरवला. त्या दिवशी रूथ पहिल्यांदा मागच्या सतरंजीवरून उठून पुढे, माझ्या शेजारी येऊन बसली. तिने लग्नातली साडी नेसली होती. मला म्हणाली, भाकर डाव्या हातात घ्यायची की उजव्या? मी म्हणालो, कुठल्याही. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्या मांडीला मांडी लावून बसलं होतं.

पाळक थांबले. रतनभाऊ नेहमीसारखे उठले आणि दाराकडे निघाले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने इंदुबाई उभ्या राहिल्या. मंडळीत त्या कधी बोललेल्या मला आठवत नाहीत. डोक्यावरचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"ती चिठ्ठी मीच टाकेल शे," त्या म्हणाल्या. "मन्ही चूक शे. माले माफ करा, आन् त्यासले आत बोलावा. त्यासनी भाकर चुकाले नको."

आपल्या नवऱ्याची भाकर चुकू नये म्हणून. दुसरं काही नाही.

रतनभाऊ दारात थांबले. वळले. आत येऊन त्यांनी भर सभेत बायकोचा हात धरला आणि माफ केलं म्हणाले, आणि ते लहान मुलासारखे रडले. पुष्कळ लोक रडले. रूथही रडली. पाळक मोठ्याने 'आमेन' म्हणाले. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. मीही म्हणालो. मग ताट फिरलं. रूथने भाकर घेतली, इंदुबाईंनी घेतली, रतनभाऊंनी घेतली. मी घेतली.

पाळकांनी सांगितलं की ही साक्ष पेपरात यायला हवी. मी ती पहिल्या पानावर घेतली. मथळा मीच दिला, 'एका भगिनीचा पश्चात्ताप'.

रतनभाऊ पुढे बरीच वर्षं जगले. दारूला पुन्हा कधी शिवले नाहीत. घर पूर्वीसारखं झालं, असं लोक म्हणायचे. कुणी नवीन जोडपं भांडलं की ते त्यांना घरी बोलावून जेवायला घालायचे आणि सांगायचे, बघा, हिने माझी गोष्ट चव्हाट्यावर नेली तरी मी हिला माफ केलं, तुमचं काय मोठं आहे? मी अशा एका जेवणाला होतो. इंदुबाई भाकरी वाढत होत्या. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात वरण घातलं.

भाऊ आता नाहीत. इंदुबाई सचिन गावाला, मुलाकडे असतात. इथून बसने फार लांब नाही. मागच्या नाताळात आम्ही जाऊन आलो, त्यांनी रूथला जवळ घेतलं, माझी तब्येत विचारली. त्यांनी काही केलं नव्हतं. केलं ते मी. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.